छताच्या रुळातलं ग्रीस

दादा, आज सकाळी तुझा फोन वाजला. वैनीने तो बंद केलेला नाही. रोज चार्जिंगला लावते आणि तुझ्या चष्म्याशेजारी ठेवते. तू जाऊन आज नववा दिवस. बातमी न कळलेले लोक अजून त्यावर फोन करतात, "मिस्त्री, गाडी आणू काय" म्हणतात. मी सांगते, मग पलीकडचा माणूस फोन ठेवतो. तसलाच कोणी असेल म्हणून मी उचलला. निघाले गजाननभाऊ, पांढऱ्या गाडीवाले. त्यांना बातमी माहीत होती, तुझ्या अंत्यविधीला ते येऊन गेले होते. आणि आज त्यांच्या मुलाचं लग्न होतं, हे मी विसरले होते.

विसरले होते असं लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. मी ते आठवू दिलं नव्हतं.

ते घाईत होते. मागे बँडवाले वाद्यं जुळवत होते, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. वरात साडेदहाला निघणार, नवरदेव सनरूफमधून उभा राहणार, आणि काच उघडते नीट पण मिटताना डावीकडून अडकून तिरपी होते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मोबाइलवर पाह्यलं ताई. त्यात सांगते का बटन दाबून धरलं तं काच मिटते. धरू काय?"

मी म्हटलं, कोणीही बटनाला हात लावू नका, गाडीत कोणाला उभं करू नका, मी येते. ते म्हणाले, तुम्ही कशा येता ताई, तुमच्या घरी तर आता. मी पुढचं ऐकलं नाही.

तुला या गाडीचं सगळं माहीत होतं. एक सोडून. ते एक मी तुला सांगितलं नाही, आणि मग सांगायला तू राहिला नाहीस. म्हणून आज संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून, तुझ्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे. वैनीला वाटतं मी हिशोबाच्या वह्या आवरते आहे.

दिवाळीच्या आधी ती गाडी पहिल्यांदा आली ती तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. धुवायला नेली तर पाणी आत गळलं आणि छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखे डाग पडले. कापड म्हणजे माझं काम. तू दोन दिवस यवतमाळला होतास, त्या जुन्या जीपच्या इंजिनामागे. मी कापड उतरवलं आणि तू शिकवलं होतंस तसं चारही कोपऱ्यांतल्या, छतावरचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या पाहिल्या. दोन नळ्यांत चक्क कापूस. गजाननभाऊंनी वेचणी सुरू झाल्यापासून गाडी टिनाच्या शेडमध्ये कापसाच्या ढिगाला टेकून उभी केलेली. मी बारीक तार घालून नळ्या मोकळ्या केल्या, वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते चाकापाशी टपटप पडलं. इथे थांबले असते तर काहीच झालं नसतं.

पण काच सरकताना कुरकुरत होती. आणि आपल्या घरात कुरकुरणाऱ्या वस्तूचं काय करतात हे तुला ठाऊक आहे. बाबांच्या बैलबंडीच्या चाकापासून माझ्या शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला एकच औषध. मी चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस बोटावर घेतलं आणि काच ज्या दोन रुळांवरून सरकते त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चोपडलं. चांगलं लोण्यासारखं. तू शंभरदा सांगितलं होतंस की सनरूफच्या रुळाला घट्ट ग्रीस चालत नाही, आधी कोरडं पुसायचं, मग सिलिकॉनचा हलका फवारा मारायचा आणि तोही पुसून घ्यायचा. मी शंभरदा "हो" म्हटलं होतं. हात मात्र बाबांचाच राहिला.

त्याच दुपारी काच अर्ध्यातून मागे फिरायला लागली. ग्रीस घट्ट, त्यात रुळात उरलेला कापूस जाऊन बसला. मोटरीला वाटलं वाटेत कोणाचा तरी हात आहे, म्हणून ती काच मागे नेत होती. तिचं काम ती इमानदारीने करत होती. गजाननभाऊंचा पुतण्या बाहेर घड्याळ पाहत बसलेला. मग मी तुला करताना पाहिलं होतं ते केलं. बटन दाबून धरलं. काच एकदा पूर्ण उघडली, पूर्ण मिटली, टक्क आवाज आला. छताने नवीन धडा घेतला.

हा धडा काय असतो ते तूच मला समजावलं होतंस, म्हणून चूक आणखी मोठी. आपली वाट किती जड आहे हे त्या मोटरीला एकदा शिकवावं लागतं. त्याहून जड लागलं की ती समजते, मध्ये कोणीतरी आहे. म्हणून आधी रूळ स्वच्छ, मग धडा. मी तिला घाणीतच धडा दिला. एवढं जड असणं हेच बरोबर, असं ती शिकली. आता मध्ये कोणाचा हात आला तरी तिला तो ग्रीससारखाच वाटणार होता. मी गाडी दिली, पुतण्याने "लय भारी ताई" म्हटलं आणि तू परत आल्यावर मी तुला सांगितलं, कापडाचं एक काम झालं. रुळाचं बोललेच नाही. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते महिन्याभराने, जेव्हा तीच गाडी काच धक्के खाते म्हणून तुझ्याकडे आली. तू रुळातून बोट फिरवलंस. बोटावर काळी, केसाळ, नमद्याच्या लोकरीसारखी वळकटी आली. तू ती उजेडात धरलीस आणि विचारलंस, "हे कोनं लावलं व?"

माझ्या तोंडातून लगेच निघालं, "यवतमाळले दाखवली होती म्हणे कोनाले तरी."

काहून खोटं बोलले ते मलाच नीट सांगता येत नाही. तू रागावला असतास, दोन तास तोंड पाडून बसला असतास, आणि मग स्वतःच चहा सांगितला असतास. एवढंच. सासर सोडून आले तेव्हाही तू मला काही विचारलं नव्हतंस. दुकानाचा मागचा कोपरा झाडलास आणि म्हणालास, मशीन इथं ठेव, उजेड चांगला येते. त्या कोपऱ्यात मी अकरा वर्षं बसले, पंचक्रोशीतल्या गाड्यांच्या सीटा शिवल्या, आणि मिस्त्रीची बहीण म्हणून नाही तर कापडवाली ताई म्हणून लोक मला ओळखायला लागले. त्या नावाला बट्टा लागेल असं वाटलं असेल. तुझ्यासमोर अडाणी ठरायचं नव्हतं, हे तर नक्कीच.

तू माझ्याकडून तो लोड मागून घेतलास. सीटच्या उरलेल्या रेक्झिनचा, आत कापूस ठासलेला, मनगटाएवढा जाड लोड मीच तुला शिवून दिला होता, सनरूफ तपासायला. तू तो काचेच्या वाटेत धरलास आणि बटन दाबलंस. चांगल्या गाडीत काच लोडाला शिवते आणि चट्कन मागे जाते. ही गेली नाही. लोड चपटा झाला, मोटर घरघरत राहिली, आणि तू बटन सोडेपर्यंत काच दाबतच होती. आपण दोघांनी त्या लोडाकडे पाहिलं. तू म्हणालास, "हे जर कोनाचं बोट असतं तं?"

मग तू काच उतरवून रूळ धुतलेस, पुसलेस. तेव्हा दिसलं की डाव्या बाजूचा गाइडही तडकला आहे, तो प्लॅस्टिकचा छोटा पाय ज्यावर काच रुळात सरकते. इतके दिवस जड ओढून ओढून तो फुटला. नवीन गाइड नागपूरहून मागवावा लागणार होता, आणि तडकलेल्या गाइडवर नवा धडा देता येत नाही. तू काच बसवून, मिटवून ठेवलीस, तिचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकलास आणि गजाननभाऊंना सांगितलंस, पार्ट आल्याशिवाय हे छत उघडणार नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते तुला आठवत असेलच, तू ते डोक्यात घेऊनच गेलास. लग्न पंधरवड्यावर. हल्ली सनरूफमधून डोकं काढल्याशिवाय नवरदेव नवरदेव वाटतच नाही आपल्याकडे. तू त्यावर किती चिडायचास. पंचेचाळीसच्या उन्हात छतावर भोक कायले पायजे, म्हणायचास. दहा महिने उघडत नाहीत, पुसत नाहीत, रबर वाळून कडक होते, आणि वरातीच्या दिवशी पाह्यजे म्हणून रडत येतात. येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगायचास, महिन्यातून एकदा उघडा, ओल्या फडक्यानं रबर पुसा, थोडं फिरवा, मिटा. लोक मान हलवायचे आणि बाहेर जाऊन हसायचे. मीही हसायची. आता त्या सगळ्यांना मला हेच सांगायचं आहे, आणि माझ्यावरही ते हसतील.

मी म्हणत होते, गाडी देऊन टाक. उघडते, मिटते, अजून काय पाहिजे त्यांना. वरातीत काच मिटवतो कोण. तू म्हणत होतास, पोरं असतात गाडीत, ड्रायव्हर बँडच्या तालात असते, कोणाचं कोपर बटनाला लागते. मी म्हटलं, साऱ्या तालुक्यात अशाच गाड्या फिरतात. तू म्हणालास, त्या माझ्या हातून गेलेल्या नाहीत. दोन दिवस असं चाललं. तुला वाटत असेल मी गिऱ्हाइकासाठी भांडते आहे. मी माझ्यासाठी भांडत होते. ती गाडी दुकानात उभी असेपर्यंत तुझं लक्ष त्या रुळांवर राहणार होतं, आणि मला ती डोळ्यांसमोरून जायला हवी होती, बस.

शेवटच्या संध्याकाळी तू गाडीच्या दाराशी उभा होतास. मी मशीनवर कापड लोटून म्हटलं, "तुले आता भेव लागून राह्यलं, दादा. पहिले असा नव्हता तू." तू हात पुसलेस आणि घरी गेलास. सकाळी वैनीचा फोन आला.

हे वाक्य मला परत घेता येत नाही. बाकी सगळं लोक म्हणतात तसं काळ बुजवील, पण हे नाही बुजणार. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं हे आहे आणि ते मी एका खोट्याला टेकू द्यायला बोलले.

चौथ्या दिवशी नागपूरहून एसटीच्या पार्सलने गाइड आला. मी खोकं घेतलं आणि फळीवर ठेवलं. पाचव्या दिवशी पुतण्या गाडी न्यायला आला. मी म्हणू शकले असते की दोन दिवस थांब. मी चावी दिली आणि म्हटलं, छत उघडू नका. त्याने हो म्हटलं, जसं मी तुला म्हणायची तसंच. फ्यूज काय, कुठल्याही दुकानात मिळतो. त्यांनी नवा टाकला.

म्हणून आज सकाळी मी ते खोकं, तुझी पान्यांची पिशवी, तो लोड आणि फडकी घेतली. वैनी भेटायला आलेल्या बायकांत बसली होती. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि विचारलं, कुठे. मी म्हटलं, दादाचं एक काम राहिलं. ती म्हणाली, जाय. बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे आणि ही बाई स्कूटी काढून लग्नघरी चालली.

बारा किलोमीटर. वाटेत कापसाच्या गाड्या, त्यांच्यामागे उडणारं पांढरं. मी घड्याळ पाहत नव्हते, पाहिलं असतं तर पडले असते. डोक्यात एकच. कोणीतरी बटन दाबून धरलेलं आहे आणि कोणीतरी वर उभं आहे.

मांडवासमोर गाडी फुलांनी सजवून उभी होती. छत उघडं. आणि त्यातून गजाननभाऊंची नात वर आलेली, चारेक वर्षांची, परकर-पोलक्यात, दोन्ही हात छताच्या कडेवर ठेवून. नवरदेवाच्या आधी तिलाच हौस. ड्रायव्हरच्या सीटवर पुतण्या गाणी लावत होता. मी स्कूटी स्टँडवर लावलीच नाही, टाकली. पोरीला काखेत धरून वर उचललं आणि बाहेर घेतलं. ती रडायला लागली आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

गजाननभाऊंच्या घरच्या बाई पुढे आल्या. त्यांनी नातीला माझ्याकडून घेतलं, मला नखशिखांत पाहिलं. त्या वाईट बाई नाहीत. तू गेलास तेव्हा त्यांनी आपल्या घरी डबा पाठवला होता. पण आज त्यांच्या दारात मंगल कार्य होतं. त्या गजाननभाऊंना हळू म्हणाल्या, पण मला ऐकू येईल एवढं: "सुतकातल्या घरची बाई वरातीच्या गाडीले हात लावन काय?"

दादा, मला राग आला. आम्ही बौद्ध, आम्ही सुतक पाळत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिथे उभं राहून हे समजावत बसले असते तर वरात निघाली असती. गजाननभाऊ खाली पाहत होते. मी लोड काढला, छताच्या वाटेत धरला आणि पुतण्याला म्हटलं, दाब. काच आली. डावीकडून अडखळली, तिरपी झाली, आणि लोडावर येऊन दाबत राहिली. रेक्झिनची शिवण उसवली आणि आतला कापूस बाहेर आला. मी पुतण्याला म्हटलं, सोड आता. तो सोडायचं विसरला होता.

बाईंनी नातीचे हात आपल्या मुठीत घेतले. मग म्हणाल्या, "करा ताई तुम्ही. काय लागते तुमाले?"

मला एक धरणारा माणूस लागत होता. तुझ्या वेळी काच मी खालून धरायची, तू वरचे स्क्रू सोडायचास. आता धरायला नवरदेव आला, अक्षय, शेरवानीच्या बाह्या वर सारून, हळदीचे हात. त्याचे मित्र त्याला चिडवत होते, बायकोआधी काच सांभाळतो म्हणून. चार स्क्रू सोडले. काच त्याच्या हातात दिली. बँडवाले दोनदा विचारून गेले. डावा गाइड रुळाच्या पुढच्या टोकातून सरकवून बाहेर काढला, त्याचे दोन तुकडे माझ्या तळहातावर आले. नवीन बसेना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घाम डोळ्यांत जात होता आणि मला वाटलं, उलटा आणला असेल, उजव्या बाजूचा असेल, आता सगळं फसलं. मग तू काय करायचास ते आठवलं. जोर करायचा नाही, काच ओढणारी केबल बोटभर मागे घ्यायची. घेतली. गाइड बसला.

रूळ पुन्हा पुसले. तू धुतलेले होतेच, चार दिवसांत थोडी धूळ आली होती. हलका फवारा मारला, तोही पुसला. काच बसवली, चारही कोपऱ्यांवर बोट फिरवून छताशी समान आहे का पाहिलं. आणि मग पुतण्याला उठवून मी स्वतः सीटवर बसले आणि बटन दाबून धरलं. तेच बटन. काच हळू उघडली, हळू मिटली, कुठेही अडखळली नाही. टक्क.

लोड उसवलेला होता. तो आता धरण्यालायक नव्हता. मी डावा हात वर काढला आणि काचेच्या वाटेत आडवा धरला. तू असतास तर माझ्या कानाखाली वाजवली असतीस, हाताने तपासायचं नाही हा तुझा पहिला नियम. पण मला दुसऱ्या कशावर विश्वास नव्हता, आणि स्वतःवर तर अजिबात नव्हता. उजव्या हाताने बटन दाबलं. काच आली. मनगटाला लागली, गार, आणि मागे गेली.

मी पुन्हा केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा मागे गेली.

मग मी उतरले आणि गजाननभाऊंना म्हटलं, आता उघडी ठेवा, वरात संपेस्तोवर फ्यूज काढून ठेवते, म्हणजे चुकूनही मिटणार नाही. ते बरं म्हणाले. पिशवी भरली, पण तिथून तसंच निघून जाणं मला जमलं नाही, मी सांगून टाकलं. "गजाननभाऊ, हे ग्रीस मी लावलं होतं. दिवाळीच्या आधी. बिघाड माह्या हातचा हाये. दादाचा काही संबंध नव्हता."

ते म्हणाले, "मिस्त्री तं मले येगळंच सांगत होते."

काय, मी विचारलं.

"गाडी अडवली त्याच रात्री त्यायनं मले फोन केलता. इचारलं, यवतमाळले कोनाले दाखवली होती काय गाडी. मी म्हणलो, नाही बाप्पा, तुमच्या दुकानाशिवाय कोनी हात लावला नाही. मंग ते लय वेळ गप्प राह्यले. मले वाटलं फोन कटला. मंग म्हणले, तं माह्याच हातून झालं असन. आताशा मले आठवत नाही नीट, गजाननभाऊ. म्हणून गाडी अडवून ठेवली, माफ करा."

तेवढ्यात बँड सुरू झाला. अक्षय छतातून उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजाननभाऊ मला जेवून जा म्हणाले आणि वरातीत ओढले गेले. मी स्कूटी उचलली.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटून पालटून पाहते आहे. त्या फोनवर माझं खोटं उघडं पडत होतं. दुकानात दोनच माणसं, तू आणि मी. तू मला झाकलंस का? परक्या माणसासमोर बहिणीची चूक सांगायची नाही म्हणून? तसं असेल तर मी तुझ्यावर चिडेन आणि आयुष्यभर तुझी ऋणी राहीन, दोन्ही मला झेपेल.

पण मला दुसरंच आठवतं आहे. त्या शेवटच्या दोन दिवसांत तू आवळलेले नट पुन्हा सोडून पुन्हा आवळत होतास. ट्रॅक्टरवाल्याला तू एकाच कामाचं दोनदा विचारलंस, मी हे केलं होतं काय. दुपारी चष्मा पुसत बसला होतास, बराच वेळ, आणि मी मशीनवरून पाहिलं आणि मला वाटलं, मुद्दाम वेळ काढतो आहे. बहीण खोटं बोलेल हे तुझ्या मनातच आलं नसेल. त्यापेक्षा तुझी आठवण दगा देते आहे हे तुला सोपं वाटलं असेल. दिवाळीच्या गर्दीत किती गाड्या झाल्या, त्यातली एखादी आपण केली असेल आणि विसरलो असू, असं म्हणून तू रात्रभर ती दुपार शोधत राहिला असशील. आणि त्यावर मी म्हटलं, तुला भेव लागतं आता.

तर ऐक, दादा. त्या दुपारी तू यवतमाळला होतास, जीपच्या इंजिनापाशी. ग्रीस मी लावलं, बटन मी दाबून धरलं, गाडी मी सोडली. तू काहीही विसरला नव्हतास. तुला ती दुपार आठवली नाही, कारण तू तिथे नव्हतासच.